अंगठ्याला न लागलेलं शिंग

"डॉक्टरबाई, बोकड वांझ असू शकतो का?"

प्रश्न तोफेने विचारला खरा, पण दारूगोळा भरला होता मैत्रिणींनी. सहलीच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर पैज लागली होती. शेळी पैदास केंद्रात जे कोणी माहिती द्यायला उभं राहील त्याला, सगळ्या वर्गासमोर, विज्ञानाच्या सरांच्या देखत, हे विचारायचं. "तुझ्यात तेवढा दम नाही," असं मिरची म्हणाली होती, आणि मिरचीने असं म्हटल्यावर तोफ गप्प बसली असती तर सूर्यानेही त्या दिवशी सुट्टी टाकली असती. तिसरी मैत्रीण आजीबाई. ती वयाने तिघींत लहान, पण काळजी करण्यात साठीची. तिने दोघींचे हात धरून विनवलं होतं, "नका गं, सर घरी फोन करतील."

ही तोफ काही जन्मापासून तोफ नव्हती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर्गात तिला मुकी म्हणत. मग एकदा वक्तृत्व स्पर्धेतली मुलगी तापाने फणफणली, वर्गशिक्षिकेने जी समोर दिसली तिला मंचावर ढकललं, आणि ती ढकललेली मुलगी अशी काही सुटली की घंटा वाजवली तरी थांबेना. ती अजून थांबली नव्हती.

वर्ग फिदीफिदी हसला. सरांचे कान लाल झाले. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. शिडशिडीत बाई, पांढरा कोट, आणि अंबाड्यात खोचलेलं पेन. त्यांच्यामागच्या भिंतीवर शेळ्यांच्या जातींची चित्रं ओळीने लावली होती. कुणाचे कान गुडघ्यापर्यंत, कुणाची लोकर जमिनीला टेकलेली, कुणी बुटकी, काळी आणि रागीट.

"असू शकतो की," त्या म्हणाल्या. "चांगला प्रश्न आहे. तुला का पडला?"

पैजेत यापुढचं काही ठरलं नव्हतं. त्यामुळे तोफेच्या तोंडून सरळ खरंच बाहेर पडलं. "आमच्या घरी शेळ्या आहेत. घरचाच तरणा बोकड कळपात सोडल्यापासून एकही गाभण राहिली नाही. सगळ्या पुन्हा पुन्हा माजावर येतात. बाबा म्हणतात, शेळ्याच भाकड झाल्या."

"सगळ्या एकदम?"

"सगळ्या."

"बोकड आपलं काम करतो?"

मागून कुणीतरी खोकलं. "करतो," तोफ म्हणाली. "कामचुकार अजिबात नाही."

वर्ग पुन्हा फुटला. मिरचीने तर आजीबाईच्या खांद्यात तोंड खुपसलं. डॉक्टरबाईंनी हसणं ओसरू दिलं आणि मग विचारलं, "त्याला शिंगं आहेत?"

हे काय मधेच, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. तोफ मात्र ऐटीत आली. "छे. आमच्याकडे कुणालाच नाहीत. मला आठवतंय तेव्हापासून सगळा कळप बिनशिंगी. लोक बघायला येतात."

डॉक्टरबाईंनी अंबाड्यातलं पेन काढलं आणि काहीच न लिहिता परत खोचलं.

"कुणालाच नाहीत," त्या म्हणाल्या, आणि विषय बदलून चाऱ्यावर बोलू लागल्या. पण मुलं बसमध्ये चढत असताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि तोफेला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या बोकडाला इथे घेऊन ये. घरचं कुणी आलं तर बरंच. पण उशीर नको करूस."

पैज जिंकल्याबद्दल मिळालेलं चॉकलेट तोफेने खाल्लं खरं, पण त्याची चव काही लागली नाही.

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे तिचं घर होतं. पुढे दोन खोल्या आणि मागे त्या दोन खोल्यांपेक्षा मोठा गोठा. घरात कोण कुठे झोपतं यावर कधीकधी वाद व्हायचा, गोठ्यात कधीच नाही. तिथे प्रत्येक शेळीची जागा पक्की होती, आणि मधल्या खांबापाशी टकलूची.

टकलूला तिनेच वाढवलं होतं. त्याच्या आईला दूध नव्हतं, म्हणून तो स्वयंपाकघरात, तिच्या मांडीवर, बाटलीने दूध पीत मोठा झाला. तिच्या इतिहासाच्या पुस्तकातली दोन राज्यं त्याने खाऊन टाकली होती. आता त्याची छाती पिंपासारखी झाली होती, दाढी आली होती, वास तर गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा; तरी तिची चाहूल लागली की तो मान तिरपी करून तोच बाटलीच्या वेळचा आवाज काढायचा. त्याचं कपाळ मात्र वाटीच्या बुडासारखं गुळगुळीत. म्हणून टकलू.

हे गुळगुळीत कपाळ या घराचा नियम होता, आणि तो नियम आईच्या डाव्या डोळ्यातून आला होता.

तोफ तेव्हा आईच्या पोटात होती. आई धार काढायला वाकली, मागून कुत्रं भुंकलं, शेळीने दचकून मान झटकली आणि शिंगाचं टोक आईच्या डोळ्यात गेलं. डोळा वाचला नाही. आई घरी परतली ती एवढंच बोलली की शिंगाचं एकही जनावर तिला दारात नको. बाबांनी तो शब्द असा पाळला की तसा दुसरा कुठला पाळल्याचं घरात कुणाला आठवत नाही. शिंगवाल्या सगळ्या शेळ्या विकल्या, बिनशिंग्या आणल्या. पुढे करडू जन्मलं की अंग पुसून झाल्यावर आई त्याला मांडीवर घ्यायची, उजवा डोळा मिटायची आणि अंगठा त्याच्या कपाळावर, कानांच्या जरा पुढे, फिरवायची. शिंगाच्या जागी दोन बारीक गाठी हाताला लागल्या, तर "विकायचं." काही लागलं नाही, तर "आपलं." त्या अंगठ्यापुढे अपील नव्हतं. वर्षानुवर्षं गोठ्यात फक्त "आपलं" उरत गेलं.

त्या संध्याकाळी बाबा गव्हाणी साफ करत होते. साफ करता करता, अगदी पावसाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "रविवारी व्यापारी येतोय. भाकड आहेत त्या सगळ्या देऊन टाकतो. टकलू ठेवू. चार नव्या शेळ्या आणू आणि त्याच्यावरच पुन्हा कळप उभा करू."

व्यापारी शेळ्या कुठे नेतो हे या घरात कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना माहीत असे.

"बाबा, दोष कदाचित शेळ्यांचा नसेल."

"मग कुणाचा, माझा?"

"टकलूचा."

बाबा फावडं टेकवून मनापासून हसले. "हा? एकदा त्याच्याकडे नीट बघ, आणि मग परत म्हण."

"बघून कळत नाही म्हणे."

"मी आयुष्यभर बघूनच जनावरं घेतली. त्यावरच तुझी शाळा चालली."

"केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याला घेऊन ये."

"सहलीला जाऊन आली एक दिवस," आई आतून म्हणाली, "आणि आली घरच्यांना शिकवायला."

"त्यांनी विचारलं, त्याला शिंगं आहेत का."

आतली भांडी वाजायची थांबली. आई दारात आली. डावीकडचं दिसण्यासाठी ती नेहमी पूर्ण चेहरा वळवायची, तसा वळवून तिने मुलीकडे पाहिलं. "शिंगांचा काय संबंध?"

"माहीत नाही. त्यांनी फक्त विचारलं."

"मग त्यांना सांग, या दारात शिंग येणार नाही."

बाबांनी फावडं उचललं. म्हणजे सभा संपली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. बाबा चारा आणायला गेले होते आणि आई बाजाराला. तोफेने टकलूचं दावं सोडलं. मिरची आणि आजीबाई कोपऱ्यावर उभ्याच होत्या. पैज त्यांनी लावली होती, तेव्हा निस्तरायलाही त्या आल्या होत्या. आजीबाईने पाण्याची बाटली, डोकेदुखीची गोळी आणि बोकडासाठी कोबीची पानं आणली होती.

"याचा वास," मिरची नाक धरून म्हणाली, "माझ्या काकांच्या अत्तराला हरवेल."

"हळू बोल. त्याला वाईट वाटतं."

"याला? याला वाईट वाटत असतं तर यानं तुझा इतिहास खाल्ला नसता."

टकलू मजेत चालत होता. त्याला वाटलं फिरायला निघालो. मधे त्याने एका दुकानाची पाटी चाटली, एका सायकलवाल्याला वाटेतून हटवलं, आणि प्रत्येक वळणावर मान तिरपी करून तोफ बरोबर आहे ना हे पाहिलं.

केंद्रात डॉक्टरबाईंनी आधी घरचं कुणी आलंय का ते पाहिलं, तिघींच्या चेहऱ्यांवरून काय ते ओळखलं, आणि हातमोजे चढवले. त्यांनी टकलूचं कपाळ चाचपलं, मग खाली वाकून मागे बराच वेळ तपासत राहिल्या. टकलू कोबी खात होता. नमुना घेताना मुलींना बाहेर बसवलं. बाहेरच्या बाकावर मिरचीसुद्धा गप्प होती, आणि मिरची गप्प आहे या एका गोष्टीनेच तोफेचा धीर सुटत चालला.

मग आतून हाक आली.

टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. "आधी हे बघ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा आमच्या एका बोकडाचा थेंब."

तोफेने डोळा लावला. आत नुसती जत्रा होती. बारीक शेपट्यांचे असंख्य जीव एकमेकांना ढकलत, वळत, उसळत होते, शाळा सुटल्यावर फाटकात होते तशी गर्दी.

डॉक्टरबाईंनी काच बदलली. "आणि हा टकलूचा."

तोफेने पाहिलं. एक गोल उजेड होता. तिने डोळा चोळून पुन्हा पाहिलं. तिला वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नाही. तिने काच हलवायला सांगितली, दुसरा थेंब घ्यायला सांगितला. डॉक्टरबाईंनी तेही केलं. गोल उजेड तसाच राहिला, रिकामा, आणि त्यात कुठूनही कुणी येत नव्हतं.

"त्याच्या आत बी तयार होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण बाहेर यायची नळी मधेच बंद आहे. हाताला गाठी लागतात. जन्मापासूनच हे त्याच्या नशिबी होतं म्हण. औषध नाही. ऑपरेशनने उघडत नाही."

"पण का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या दोन वेण्या होत्या, दोन्हींना लाल रिबिनी. डॉक्टरबाईंनी डब्यातून पट्टीचं पांढरं कापड घेतलं, एक वेणी हातात धरली आणि लाल रिबीन सोडून तिथे पांढरं बांधलं.

"प्रत्येक जनावराला एकच गोष्ट दोनदा मिळते. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. याला जनुक म्हणतात, ते शिकलीच असशील. लाल म्हणजे शिंगाची प्रत. पांढरी म्हणजे बिनशिंगाची. आता एक लाल, एक पांढरी, असं असेल तर डोकं कसं?"

"गुळगुळीत?"

"गुळगुळीत. आणि बाकी सगळं ठणठणीत." त्यांनी दुसऱ्या वेणीलाही पांढरं बांधलं. "आणि आता?"

"आताही गुळगुळीतच."

"वरून काही फरक कळत नाही. पण आत फरक पडतो. दोन्ही प्रती पांढऱ्या आल्या की मादी करडू पुरती मादी होत नाही. आणि नर असेल, तर सगळ्यांचं नाही पण काहींचं असं होतं." त्यांनी टकलूकडे मान केली. "तुमच्या कळपात अशी करडं झालीत का, शेळीसारखी दिसणारी, पण धड शेळी नाहीत?"

तोफेने मान हलवली. झाली होती. दोन-तीन तरी. बाबांनी ती गुपचूप विकली होती, आणि हल्ली पाटी, म्हणजे मादी करडं, कमी आणि बोकडंच जास्त का होतात म्हणून आईने कपाळाला हात लावला होता.

"भिंतीवरच्या सगळ्या जातींचं रक्त आम्ही गोळा करतो," डॉक्टरबाई सांगत होत्या. "कुठल्या जातीत कुठली प्रत किती आहे आणि कुणाचं बी चालतं, कुणाचं नाही, हेच बघतो. नर वांझ व्हायला इतर कारणंही असतात. पण तू वर्गात म्हणालीस ना, आमच्याकडे कुणालाच शिंगं नाहीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुमच्या शेळ्या चांगल्या आहेत. त्यांच्यात एक लाल प्रत लपलेली असणार, नाहीतर त्या शेळ्या झाल्याच नसत्या. त्यांना फक्त शिंगवाला बोकड हवा. मग होणाऱ्या प्रत्येक करडाला बापाकडून एक लाल मिळेल. काहींना शिंगं येतील, काहींना नाही, पण नीट सगळीच होतील."

"आणि टकलू?"

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. आधी उजवा, मग डावा. त्यांना वेळ काढायचा होता, हे आजीबाईलासुद्धा कळलं.

"मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. असं जनावर अभ्यासाला मिळत नाही. तुम्ही तो केंद्राला दिलात, तर बदल्यात मी एक शिंगवाला बोकड देऊ शकते, तसा नियम आहे. पण अभ्यास म्हणजे शेवटी आत उघडून पाहावं लागतं. त्याला दुखणार नाही, एवढं माझ्या हातात आहे. तो राहणार नाही, हे माझ्या हातात नाही."

"इथे नुसता ठेवता येणार नाही? मी चारा आणेन. रोज आणेन."

"नाही, बाळा."

टकलूने कोबी संपवली आणि तोफेच्या वेणीचं पांढरं कापड तोंडात घेतलं.

निघताना डॉक्टरबाईंनी शिंगवाला दाखवला. तरुण, लाल-तपकिरी, डोक्यावर मागे वळलेली दोन शिंगं. तोफेने आयुष्यात कधी शिंगाला हात लावला नव्हता. तिने आता लावला. टोक थंड होतं. पण बुडाशी शिंग ऊबदार होतं, जिवंत, चहा संपलेल्या कपासारखं. आणि अशाच ऊबदार वस्तूने आईचा डोळा गेला होता. बोकडाने मान झटकली. तोफ किंचाळून दोन हात मागे पडली.

"आली तोफ," मिरची म्हणाली, पण तिचा आवाज रडका होता. परतीच्या वाटेवर तिघींपैकी कुणीच टकलूच्या वासाचं नाव काढलं नाही.

त्या संध्याकाळी घरात तोफ नव्हती. मुकी परत आली होती. बोलायचं काय, हेच तिला सुचेना. बाबांना सांगितलं तर टकलू जातो. नाही सांगितलं तर शेळ्या जातात, आणि टकलूवर उभा केलेला नवा कळपही उद्या भाकड ठरून त्याच वाटेने जाईल, आणि त्यानंतर गोठ्यात खांब तेवढे उरतील. पण सगळ्यांत अवघड तिसरंच होतं. जे सांगायचं त्याच्या टोकाला आईचा अंगठा होता.

रोजच्यासारखी आई तिचे केस विंचरायला बसली. आईने घातलेली उजवी वेणी नेहमी सरळ यायची आणि डावी जरा वाकडी, कारण त्या बाजूला तिला नीट दिसत नसे. तोफेने कधी ती बदलून घातली नव्हती. आज तिने दोन्ही वेण्या पुढे घेतल्या, एका वेणीला लाल रिबीन बांधली, दुसरीला खिशातलं चघळलेलं पांढरं कापड, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच सगळं सांगितलं. मधे तीनदा थांबली. आईने एकदाही मधे तोंड घातलं नाही. हे तिच्या स्वभावात नव्हतं.

सांगून झाल्यावर आई आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

"म्हणजे ती धड नसलेली करडं," ती म्हणाली. "ती माझ्या या हाताने झाली."

"अंगठा कधी चुकला नाही, आई. तो बरोबरच सांगत होता. पण आतलं त्याला कसं लागणार?"

"मी चांगली चांगली विकायला लावली. ज्यांच्यात ते लाल होतं, ती सगळी." तिचा बरा डोळा भरून आला. दुसऱ्यात पाणी येत नसे. "आणि राखलं काय, तर हे."

"तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत असतं तरी केलं असतं," आई म्हणाली. तोफेला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "खरं सांगते. अजूनही मला स्वप्नात तेच टोक दिसतं. कळप गेला तर जाऊ दे. मी लोकांची धुणी करीन. पण शिंग नको. माझ्याच्याने होणार नाही गं."

तिने लाल रिबीन सोडली, नीट घडी केली आणि उठून गेली. बाबा दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं, कोण जाणे. ते फक्त म्हणाले, "त्या बाईंना बोकडाला हात कुणी लावू दिला? मला विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाही."

"मग?"

बाबांनी माघार घेतली नाही. "तुझ्या आईच्या मनाविरुद्ध मी काही आणणार नाही. शेळ्या उद्या जातील."

रविवारी सकाळी व्यापाऱ्याने गाडी अंगणात उलटी घेतली. व्यापारी हसतमुख माणूस, दातात काडी. त्याने शेळ्यांच्या पाठी चाचपल्या आणि म्हणाला, "काय पोसल्यात हो, वहिनी. नुसतं लोणी." बाबा एकेकीची गाठ सोडायला लागले. पण रोजची तीच गाठ आज त्यांच्या हातून सुटेना. आई उंबऱ्यात पाठ करून बसली होती, म्हणजे बऱ्या डोळ्यालासुद्धा काही दिसू नये. शेळ्या ओरडत होत्या. सगळ्यांत म्हातारी, जिला घरात मावशी म्हणत, ती गाडीला लावलेल्या फळीवर पाय ठेवायला तयार नव्हती. व्यापाऱ्याने तिला मागून ढकललं.

तोफ गोठ्यात टकलूच्या गळ्यात पडली होती. त्याच्या मानेच्या केसांत तोंड खुपसून, त्या भयंकर वासात, तिने रडून घेतलं. टकलूला हे कळेना. त्याने तिच्या फ्रॉकचा खिसा हुंगला, त्यात कोबी नव्हती, तरी त्याने तोच बाटलीच्या वेळचा आवाज काढला. तिला वाटलं, आपण इथेच बसून राहावं. बसून राहिलं तरी काहीतरी होईलच. कुणीतरी काहीतरी ठरवेलच. ते आपण ठरवलेलं नसेल, आणि मग आयुष्यभर आपल्याला म्हणता येईल की मी कुठे काय केलं.

बाहेर मावशीचे खूर फळीवर खडखडले.

तोफेने टकलूचं दावं सोडलं. नवं, जाड दावं खुंटीवरून काढून खांद्यावर टाकलं. ते रिकामं नेऊन दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधून परत आणायचं होतं. टकलू तिच्यामागे आला, नेहमीसारखा, दोरीला ताण न देता. ती अंगणात आली आणि सरळ जाऊन गाडीच्या फळीसमोर उभी राहिली, मावशीच्या आणि व्यापाऱ्याच्या मधे.

"बाजूला हो, पोरी," व्यापारी म्हणाला.

"काका, तुम्ही जरा थांबा. हे घरातलं आहे."

तो काडी चघळत थांबला. बाबांनी गाठीवरचा हात काढला. आईने उंबऱ्यातून पूर्ण चेहरा वळवला.

तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. पण तो आला. मंचावर येतो तसा मोठा नव्हता, तरी अंगणभर ऐकू गेला.

"बाबा, एकही शेळी गाडीत चढणार नाही. मी टकलूला केंद्रावर देऊन येते. तिथे त्याचं काय होणार ते मला माहीत आहे, आणि शेवटपर्यंत मी त्याच्यापाशी थांबणार आहे. येताना शिंगवाला घेऊन येईन. तो मागच्या कुंपणात राहील, त्याचं चारापाणी मी करीन, शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर. आई, तू तिकडे यायचं नाहीस, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाहीस. मला त्याची भीती वाटते, तुझ्याइतकीच वाटते. पण त्याची दोरी माझ्या हातात राहील. मी ठरवलंय."